आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थना: किती, कशी आणि कुठे थांबायचं

घरातलं माणूस गंभीर दुखण्याने अंथरुणाला खिळलं की प्रार्थना लांबत जाते. मनातली भीती, न झोपलेल्या रात्री, डॉक्टरांचं अर्धवट कळलेलं बोलणं, सगळं तिच्यात येऊन साठतं. इकडे रुग्ण दुसऱ्याच मिनिटाला थकलेला असतो, आणि तुम्हाला वाईट वाटेल म्हणून डोळे मिटून पडून राहतो. म्हणून प्रार्थना रुग्णाच्या दमाएवढी असावी. एवढं पाळलं तरी बाकीच्या बऱ्याच चुका टळतात.

मोशेने आपल्या आजारी बहिणीसाठी, मिर्यामेसाठी केलेली प्रार्थना बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या 12व्या अध्यायात, 13व्या वचनात आहे. देवा, हिला बरं कर, एवढंच तो म्हणतो. मूळ इब्री भाषेत हे पाच छोटे शब्द आहेत. लांबलचक प्रार्थना करायची असेल तर ती खोलीबाहेर, देवळात किंवा रात्री एकट्याने करा. तिथे वेळेचं बंधन नाही.

खोलीत शिरल्यावर

आधी हात धुवा किंवा सॅनिटायझर लावा. केमोथेरपी चालू असेल किंवा अवयव प्रत्यारोपण झालेलं असेल तर सर्दीखोकला झालेल्या माणसाने आत जाऊच नये, मग तो कितीही मोठा प्रार्थनावीर असो. ताजी फुलं नेण्याआधीही नर्सला विचारा.

उभ्याने प्रार्थना करू नका. निजलेल्या माणसाला खालून तुमची हनुवटी आणि छतावरचा दिवा दिसतो. खुर्ची जवळ ओढा आणि तुमचे डोळे त्याच्या डोळ्यांच्या पातळीला येतील असं बसा. ज्या कानाने बरं ऐकू येतं त्या बाजूला बसा. श्रवणयंत्र लावलंय का, चष्मा हाताशी आहे का, टीव्ही बंद आहे का, एवढं बघून घ्या. मग नाव घेऊन हाक मारा, आपण कोण ते सांगा आणि विचारा: "बाबा, मी धाकटी. एक छोटी प्रार्थना करू?" विचारणं ही औपचारिकता नाही. रुग्णालयात त्या माणसाच्या अंगाला दिवसभर कोणीही न विचारता हात लावत असतं, सुया टोचत असतं. निदान प्रार्थना तरी त्याच्या होकाराने व्हावी. "नको" म्हणाला तर रागावू नका, नुसते बसा. बायबलमधल्या दुःखी, आजारी ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ मुकाट बसले होते, आणि तेवढंच त्यांनी बरोबर केलं. बिघडलं ते तोंड उघडल्यावर.

हात धरायचा तर सलाईन नसलेला धरा. वरून दाबून धरण्यापेक्षा आपला तळवा त्याच्या तळव्याखाली ठेवा, म्हणजे नको वाटलं तर त्याला हात काढून घेता येतो. डोक्यावर हात ठेवताना हाताचं वजन आपल्या खांद्यावर ठेवा, कारण दुखऱ्या मानेला अर्धा किलोही जड होतो. छातीवर, पोटावर, टाक्यांच्या आसपास हात ठेवून प्रार्थना करणं पूर्ण टाळा.

ऑक्सिजन चालू असेल तिथे मेणबत्ती पेटवायची नाही, धूपही नाही. ऑक्सिजन कपड्यांत, केसांत आणि पांघरुणात साठून राहतो, आणि अशा हवेत एरवी न पेटणारी वस्तूही भडकते. धुराने धाप वाढते ती वेगळीच. अभ्यंगाचं, म्हणजे आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना लावायचं तेलही मास्कच्या किंवा नाकातल्या नळीच्या जवळ लावू नका. कपाळाला लावायचं तर एक थेंब, तोही नर्सला विचारून. आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते: एमआरआयला नेण्याआधी गळ्यातला क्रूस, पदक, उशाखाली ठेवलेली धातूची जपमाळ काढून घ्या. ती कोणाकडे दिली तेही रुग्णाला सांगा, नाहीतर तपासणीभर त्याचा जीव तिच्यात अडकून राहतो.

शब्द कुठून आणायचे

चार वाक्यं पुरतात. पहिल्यात देवाला हाक मारा, दुसऱ्यात आज काय झालंय ते खरं सांगा, तिसऱ्यात आजच्यापुरतं मागणं मागा आणि चौथ्यात सोपवून द्या. उदाहरणार्थ:

"प्रभू येशू, आईला रात्रभर धाप लागली, ती घाबरली आहे आणि आम्हीही घाबरलोय. आज तिला तीन-चार तास सलग झोप लागू दे, आणि दुपारचं औषध पोटात टिकू दे. तिच्यावर उपचार करणाऱ्यांचे हात आणि डोळे सांभाळ. आम्ही सगळे तुझ्या हातात आहोत. आमेन."

सावकाश म्हटली तरी ही अर्ध्या मिनिटात संपते. "तीन-चार तास झोप" हे शब्द मुद्दाम आहेत. रुग्णाला काय हवंय ते आधी त्यालाच विचारा. उत्तर बहुतेक वेळा आपण धरलं होतं त्याहून लहान निघतं: तहान भागावी, पाठ टेकवता यावी, नातवाचा आवाज ऐकू यावा. तेच मागा. आपलं म्हणणं प्रार्थनेत जसंच्या तसं आलेलं ऐकलं की आजारी माणसाचा चेहरा सैल होतो.

पूर्ण बरं होण्याची प्रार्थना करावी का, हा प्रश्न अनेकांना छळतो. करावी, अगदी मोकळेपणाने. गेथशेमाने बागेत येशूने दोन गोष्टी एकत्र म्हटल्या: हा प्याला माझ्यापासून दूर कर, आणि तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. यातली फक्त पहिली म्हटली तर प्रार्थना हुकूम होते. फक्त दुसरी म्हटली तर आजाऱ्याच्या कानाला ती निरोपासारखी लागते. दोन्ही म्हणा, त्याच क्रमाने.

आता चुका. सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे प्रार्थनेतून बातमी फुटणं. "प्रभू, डॉक्टरांनी तर हात टेकले आहेत" असं कोणीतरी डोळे मिटून म्हणतो, आणि रुग्णाला आपलं निदान पहिल्यांदा असं कळतं. आजाऱ्याला किती माहीत आहे हे प्रार्थना करणाऱ्या प्रत्येकाला दाराबाहेरच सांगून ठेवा. दुसरी चूक म्हणजे देवाला उद्देशून रुग्णाला दिलेलं प्रवचन: "याला धीर धरायला शिकव, याचा विश्वास वाढव." ज्याला शिकवायचंय तो शेजारीच पडलेला आहे, आणि सगळं ऐकतो आहे. तिसरी, घरातली भांडणं प्रार्थनेत आणणं. "मोठ्या दादाला सुबुद्धी दे" हे वाक्य कितीही भक्तिभावाने म्हटलं तरी ते वाक्य मोठ्या दादासाठीच असतं.

काय वाचावं

एका वेळी एकच उतारा, आणि तोच पुन्हा पुन्हा. रोज नवीन काही शोधू नका. आजारी मनाला ओळखीची वाट लागते. बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं 23वं स्तोत्र सहा वचनांचं आहे. प्रत्येक वचनानंतर रुग्णाचा एक श्वास पुरा होईपर्यंत थांबत वाचलं तर दीड-दोन मिनिटं लागतात. 121वं आठ वचनांचं, रात्रीसाठी चांगलं, कारण त्यातला रक्षणकर्ता झोपत नाही की डुलकी घेत नाही. 130वंही आठच वचनांचं. धाप असेल तर 23व्यातली एकच ओळ घ्या, "कारण तू माझ्याबरोबर आहेस", आणि तिथेच थांबा. 119वं स्तोत्र 176 वचनांचं आहे. ते उघडायची ही जागा नाही.

राग आला असेल, "हे माझ्याच वाट्याला का" असं रुग्ण म्हणत असेल, तर त्याला समजावू नका, 13वं स्तोत्र वाचा. पहिल्या दोन वचनांत "कोठवर" हा प्रश्न चार वेळा येतो. देवाला जाब विचारायची मुभा शास्त्रातच आहे हे कळल्यावर पुष्कळांना हायसं वाटतं. 88वं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी उजाडत नाही. ते सेवा करणाऱ्याने स्वतःसाठी वाचावं. रुग्णाने मागितल्याशिवाय त्याच्यापुढे वाचू नये.

भ्रम झालेला माणूस किंवा स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असेल तर नव्या भाषांतराचा आग्रह सोडा. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" ही प्रार्थना त्याने लहानपणी ज्या शब्दांत पाठ केली त्याच शब्दांत म्हणा, त्याच चालीत, त्याच ठिकाणी श्वास घेत. मुलांची नावं विसरलेला माणूसही मधेच कुठेतरी ओठ हलवू लागतो. तसं झालं तर आपला आवाज उतरवा आणि त्याला पुढे जाऊ द्या. चुकला तरी दुरुस्त करू नका.

व्हेंटिलेटरवरच्या माणसाला बोलता येत नाही. गुंगीचं औषध कमी असेल तर त्याला ऐकू येत असतं, समजतही असतं. "हो असेल तर माझा हात एकदा दाब" असं ठरवून घ्या आणि मगच विचारा. गुंगी खोल असेल तर प्रतिसादाची वाट न बघता, तो ऐकतोय असं धरूनच बोला. फोनवर गीतं लावायची तर त्याच्या आवडीची, हळू आवाजात, पंधरा-वीस मिनिटं, मग शांतता. दिवसभर वाजत राहणारं भजन चौथ्या तासाला यंत्राच्या आवाजासारखंच होतं.

जपमाळ म्हणणाऱ्या घरांनी पाचही दशकं एका बैठकीत संपवायचा हट्ट धरू नये. एक दशक, म्हणजे प्रभूची प्रार्थना, दहा नमो मरिया आणि एक त्रैक्यस्तुती, तीन-चार मिनिटांत होतं. उरलेली चार घरच्यांनी बाहेर वाटून घ्यावीत.

पाळकांना किंवा फादरांना कधी बोलवायचं

लवकर. "अजून तेवढी वेळ आलेली नाही" असं म्हणत थांबणारी घरं शेवटी रुग्ण बेशुद्ध झाल्यावर फोन करतात. याकोबाच्या पत्रात, 5व्या अध्यायात, 14व्या वचनात सांगितलंय की दुखणाइताने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे चर्चमधल्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना बोलवावं, त्यांनी प्रभूच्या नावाने त्याला तेल लावून प्रार्थना करावी. बोलवायचं आहे ते दुखणाइताने, म्हणजे त्याला बोलता येतंय तोवर.

कॅथलिक मंडळीत आजाऱ्यांच्या अभ्यंगाला पूर्वी अंत्याभ्यंग म्हणत, आणि त्या नावाची धास्ती अजून गेलेली नाही. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली स्पष्ट केलं की हा संस्कार फक्त मरणाच्या दारातल्यांसाठी नाही. 1972 साली पोप सहावे पॉल यांनी त्याचा सुधारित विधी दिला. गंभीर आजार, मोठी शस्त्रक्रिया, वार्धक्याने आलेली क्षीणता, यांतल्या कशासाठीही तो घेता येतो, आणि तब्येत आणखी ढासळली तर पुन्हाही. तेल कपाळाला आणि हातांना लावतात. हा संस्कार फक्त धर्मगुरू किंवा बिशप देऊ शकतात. बेशुद्ध माणसाला तो देता येतो, पण पापनिवेदन आणि कम्युनियन (प्रभुभोजन) यांसाठी शुद्ध हवी. मृत्यूनंतर तो देत नाहीत, तेव्हा मृतासाठी प्रार्थना होते. कम्युनियनआधीचा एक तासाचा उपास आजाऱ्याला लागू नाही, त्याची सेवा करणाऱ्यालाही नाही. हे माहीत नसल्याने रात्रभर जागलेल्या मुली सकाळी उपाशी बसून राहतात.

इतर मंडळ्यांमध्ये पाळक किंवा मंडळीचे वडील प्रार्थना करतात, तेल लावण्याची रीत प्रत्येकीची वेगळी. प्रभुभोजन खोलीत आणता येतं का ते आपल्या पाळकांना विचारा.

फोन करताना एवढं सांगा: रुग्णाचं नाव आणि खोली, भेटीची वेळ, तो शुद्धीवर आहे का, त्याला गिळता येतं का, संसर्गामुळे मास्क किंवा गाउन लागतो का, आणि निदान त्याला माहीत आहे का. गिळण्याचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. घशाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णाच्या तोंडात प्रभुभोजनाची कोरडी भाकर घातली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. अशा वेळी अगदी बारीक तुकडा किंवा द्राक्षारसाचे काही थेंब देण्याची सोय असते, पण आधी नर्सला विचारा. "तोंडाने काही देऊ नये" अशी पाटी असेल तर थेंबही नाही. शस्त्रक्रियेच्या सकाळी तर नाहीच.

दुसऱ्यांना प्रार्थनेला सांगताना

व्हॉट्सअॅपवर विनंती टाकण्याआधी रुग्णाची परवानगी घ्या. तो शुद्धीवर नसेल तर त्याला काय चाललं असतं याचा विचार करा. रिपोर्टचे फोटो आणि नळ्या लावलेल्या चेहऱ्याचे फोटो टाकू नका. "वडील रुग्णालयात आहेत, उद्या सकाळी शस्त्रक्रिया आहे, 9 वाजल्यापासून प्रार्थना करा" एवढ्यावर पुरेशी प्रार्थना होते. माहिती द्यायला घरातला एकच माणूस नेमा, नाहीतर एका दिवसात तीन निदानं फिरतात. भेटायला येणारे एका वेळी दोघे, पाच मिनिटं. दहा जण कॉटभोवती उभे राहून मोठ्याने प्रार्थना करू लागले तर शेजारच्या कॉटवरच्या माणसालाही झोप हवी असते.

औषध आणि विश्वास

प्रार्थना सुरू केली म्हणून एकही गोळी बंद करायची नाही. हिज्कीया राजाचं उदाहरण पुरेसं आहे. बायबलमधल्या 2 राजे या पुस्तकाच्या 20व्या अध्यायात त्याने रडून प्रार्थना केली, त्याला 15 वर्षांचं आयुष्य वाढवून मिळालं, आणि त्याच प्रसंगी यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांची ढेप बांधायला लावली. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता आणि प्रेषित पौल त्याला प्रिय म्हणतो. त्याच पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेत शहरात आजारी ठेवून पुढचा प्रवास केला, आणि ज्या त्रासाला तो शरीरातला काटा म्हणतो त्यासाठी तीन वेळा विनवणी करूनही तो काटा गेला नाही. तेव्हा "तुमचा विश्वास कमी पडला" असं सांगणाऱ्याला विचारायला हवं, पौलाचाही कमी पडला का? "कोणाच्या पापामुळे?" हा प्रश्न येशूच्या शिष्यांनी जन्मांध माणसाबद्दल विचारला होता. ना याच्या, ना याच्या आईबापांच्या, असं येशूचं उत्तर योहानाच्या शुभवर्तमानाच्या 9व्या अध्यायात आहे.

बरं करण्याची हमी देणारा, हमीसाठी दान मागणारा, तेलाच्या किंवा पाण्याच्या बाटलीला किंमत लावणारा, "आता तपासणी नको, तो अविश्वास होईल" म्हणणारा, यांना खोलीच्या दारातूनच परत पाठवा. रुग्णाला उपास करायला लावू नका. मधुमेह असेल किंवा वजन उतरत असेल तर एक जेवण चुकणंही धोक्याचं. सेवा करणाऱ्यानेही जेवणाचा उपास न धरता फोनचा किंवा टीव्हीचा धरावा.

सेवा करणाऱ्यासाठी

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात प्रार्थना सुकते. शब्द येत नाहीत, आले तर पोकळ वाटतात. तेव्हा जास्त जोर लावू नका. रोमकरांस पत्रात, 8व्या अध्यायात, 26व्या वचनात आपल्याला नीट प्रार्थना करता येत नाही हे धरूनच चाललंय, आणि आत्मा मध्यस्थी करतो असं म्हटलंय. मार्काच्या शुभवर्तमानाच्या 9व्या अध्यायातला आजारी मुलाचा बाप म्हणतो: माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालव. त्या महिन्यापुरती हीच प्रार्थना ठेवा. एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली निजला तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा निजू दिलं, पुन्हा खायला दिलं. बोलणं नंतर झालं. रात्रीच्या पाळ्या लावा. सलग दोन रात्री एकाच माणसाने जागू नये.

एक वही ठेवा. डाव्या पानावर तारीख आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न, उजव्या पानावर त्या दिवसाचं मागणं आणि दोन दिवसांनी त्याचं काय झालं ते. "ताप उतरला", "झोप लागली नाही", जे झालं ते. न मिळालेलंही लिहा. नुसती मिळालेली उत्तरं लिहिलेली वही आठवड्याभरात खोटी वाटायला लागते.

डॉक्टरांनी पुढे उपाय नाही म्हटल्यावर

मागणी बदलते: वेदना कमी असाव्यात, भीती नसावी, कोणाला भेटायचं राहिलंय त्याची भेट व्हावी. "कोणाशी काही बोलायचं राहिलंय का?" हे एकदा, हळू विचारा. क्षमा मागायला किंवा द्यायला लावू नका, फक्त वाट मोकळी ठेवा. कॅथलिक असेल तर फादरांना शेवटच्या कम्युनियनबद्दल विचारा. ते गिळता येतंय तोवरच शक्य असतं.

शेवटच्या तासांत श्वास अडखळतो, मधे लांब खंड पडतो, घशात घरघर होते. हे बघून घरचे घाबरून मोठ्याने प्रार्थना करू लागतात. आवाज उलट कमी करा. 31व्या स्तोत्राचं पाचवं वचन, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवतो, येशूने क्रूसावर म्हटलं होतं. ते पुरतं. तेही जमलं नाही तर दर थोड्या वेळाने येशूचं नाव आणि रुग्णाचं नाव, एवढंच. ऐकू येणं शेवटपर्यंत राहू शकतं असं धरून खोलीत अंत्यविधीची, हिशेबाची बोलणी करू नका.

श्वास थांबल्यावर लगेच धावपळ करायची गरज नसते. हात धरून बसा, 23वं स्तोत्र वाचा, मग नर्सला किंवा डॉक्टरांना बोलवा, मग पाळकांना. रडू आलं तर येऊ द्या, आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशूही रडला होता. वही सांभाळून ठेवा. अंत्यविधीला कोणतं वचन वाचायचं, कोणतं गीत म्हणायचं असं पाळक विचारतील तेव्हा उत्तर तिच्यातच सापडतं.